चार म्होरक्यांची एकच कॅसेट

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी कडेगावच्या चाचांचं नाव सांगतो. नाव म्हणजे नुसतं 'चाचा'. तालुक्यात त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारलेली मी तरी ऐकलेली नाही. आणि उपकार कोणता, असं पुढे विचारलं तर सांगतो, की त्यांनी मला तीन वेळा हाकलून दिलं.

चाचांचं कडेगावच्या पेठेत शिलाईचं दुकान आहे, पण त्यांची खरी ओळख बेंजोची. ज्यांनी बेंजो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि तारांच्या वर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या पत्तीने तारा छेडायच्या आणि वायर भोंग्याला जोडून द्यायची. वरातीच्या गाडीवर बेंजो सुरू झाला की आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांचेही खांदे हलायला लागतात. चाचांची बेंजो पार्टी आमच्या भागात इतकी वर्षं वाजली, की काही घरांत बाप आणि लेक दोघांच्याही वराती त्यांनीच वाजवल्या.

मला त्या पार्टीत ड्रम वाजवायचा होता. आमचं घर मेंढरांमागे फिरणाऱ्यांचं. घरात कॉलेजचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे मीही ते पाहिलं नसतं तर कुणाला चुकल्यासारखं वाटलं नसतं. दहावीनंतर चाचांकडे गेलो. "बारावी हो," म्हणाले. बारावीनंतर गेलो, तर मशीन न थांबवताच म्हणाले, "आधी डिग्री, मग ड्रम." मग मी सांगलीला कॉलेजात गेलो. जाताना त्यांनी एक अट घातली. "म्हैन्याला एक पत्र लिवायचं. फोन नको, फोनवर कुणीबी हुशार वाटतं. चार वळी लिव, तू शिकतोस का नुसता हिंडतोस ते मला कळंल."

मी तीन वर्षं पत्रं लिहिली. पहिल्या पत्रात चार ओळी लिहिताना घाम फुटला होता, शेवटच्या पत्राला दोन पानं लागली. बी.ए.ची गुणपत्रिका घेऊन मी थेट दुकानात गेलो. त्यांनी हात पुसले, ती दोनदा वाचली, समोरच्या दुकानातून झेरॉक्स काढून आणली आणि ब्लाउजच्या मापांच्या कागदांशेजारी भिंतीला चिकटवली.

मी म्हणालो, "चाचा, आता ड्रम?"

"आता कशाला? आता तू ग्रॅज्वेट. नोकरी बघ जा."

ही तिसरी वेळ. तेव्हापासून ते मला ग्रॅज्वेट म्हणतात. मी कराडजवळच्या एका कॉलेजात ग्रंथालयात लागलो, मलकापुरात राहायला आलो, लग्न झालं, मुलगी झाली. कडेगावला गेलो की अजून पेठेतून हाक येते, "काय रं ग्रॅज्वेट, पँट लांब हाय का आखूड?"

दोनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी खरोखरच पँट घेऊन गेलो होतो. चाचा मशीनवर नव्हते. दुकानाच्या पायरीवर बसून डावा हात गरम पाण्याच्या भगुल्यात बुडवून होते.

"भाजलं का काय?"

"न्हाई रं. बोटं आखडत्यात. सकाळच्याला शेक दिला की तासभर सैल पडत्यात, मग परत लाकूड." त्यांनी हात वर काढून मला बोटं मिटून दाखवली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट निम्म्यात थांबलं. "डाक्टर म्हनतो वाढत जानार. शिलाईचं काय न्हाई, ते पोरगं करंल. बेंजो कोन वाजवनार?"

चाचांची एक स्वतःची चाल होती. वरातीत ती कधी वाजवत नसत. संध्याकाळी दुकान बंद करण्याआधी एकदा वाजवायची आणि मग फळ्या लावायच्या. सुरुवातीला ती पायऱ्या चढल्यासारखी वर जाते, मध्ये थोडा वेळ एकाच जागी घुटमळते आणि शेवटी असा एक मोड घेते, की ऐकणाऱ्याला वाटतं आता पडली, पण ती पडत नाही. मी ती शेकडो वेळा ऐकलेली. ती कुठे लिहिलेली नव्हती, की कुणाच्या मोबाईलमध्येही नव्हती. बोटं गेली की चाल गेली.

"चाचा, रेकॉर्डिंग करू या. माझा कॉलेजातला दोस्त मलकापुरात स्टुडिओ चालवतो."

त्यांनी हात परत पाण्यात घातला. मग म्हणाले, "एकट्यानं काय वाजवायचं? वाजवायचं तर त्या तिघांसंगं."

ते तिघे कोण, ते मला सांगावं लागलं नाही. आमच्याकडे यात्रेत दोन पार्ट्या समोरासमोर आल्या की सामना लागतो. एकाने वाजवायचं, दुसऱ्याने त्याच्यावर कडी करायची, लोकांनी मध्ये उभं राहून शिट्ट्या मारायच्या. चाचांचे कायमचे सामनेवाले तीन. म्हसवडचे ओवी म्हणणारे मामा, हे माझ्या आईचे चुलतभाऊ. आटपाडीकडचे गजी ढोलवाले तात्या. आणि मलकापूरचे ट्रम्पेट वाजवणारे बँडमास्तर. चौघेही आपापल्या ताफ्याचे म्होरके. तीस वर्षं एकमेकांच्या विरुद्ध वाजवलेले, एकमेकांबरोबर एकदाही नाही.

मी पुढचे दोन रविवार मोटरसायकलवर घालवले. म्हसवडला मामा सिद्धनाथाच्या देवळाबाहेर पारावर बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बेंजोवाला बोलिवतोय? आनि हरायला किती येळा बोलिवनार?"

"सामना नाही मामा. एकत्र वाजवायचंय. अल्बम करायचाय."

"म्हंजी कॅसेट."

"कॅसेटच म्हणा."

"मग असं मराठीत सांग की."

त्यांना मी बोटांचं सांगितलं. मामांनी पटका काढून परत बांधला. "कवा यायचं?" एवढंच विचारलं.

तात्यांनी विचारलं, ढोल एक आणू का दोन. बँडमास्तरांनी विचारलं, युनिफॉर्म घालायचा का. कॅसेटमध्ये दिसणार नाही असं मी म्हणालो, तर ते म्हणाले, "दिसत न्हाई म्हनून काय उघडं यायचं?"

आणि इथे मी माझी सगळी पदवी पणाला लावून एक चूक केली. प्रत्येकाला मी आग्रहाने सांगितलं, "ताफा आणू नका. तुम्ही एकटेच या. फक्त म्होरके, बाकी कुणी नको." मला वाटलं, चार उत्तम माणसं एका खोलीत बसली की उत्तम काहीतरी होणारच. त्यांनाही ते फार पटलं, कारण सामन्याला जास्त माणसं घेऊन येणारा घाबरलेला, असा त्यांच्यातला समज. चौघेही एकएकटे आले.

स्टुडिओ हायवेलगत टायरच्या दुकानावर आहे. भिंतींना अंड्यांचे ट्रे आणि जुन्या गाद्या लावलेल्या. माझ्या दोस्ताने चार कोपऱ्यांत चार खुर्च्या ठेवल्या होत्या. आल्या आल्या चौघांनी त्या उचलून दोनासमोर दोन अशा मांडल्या, सामन्यासारख्या. दोस्त म्हणाला, असं बसलं तर एकाचा आवाज दुसऱ्याच्या माईकमध्ये जाईल. तात्या म्हणाले, "आवं जाऊ द्या की, पाव्हनाच हाय." शेवटी बेंजोची वायर तेवढी थेट मिक्सरला जोडता आली, म्हणून त्याचा आवाज कशात मिसळला नाही. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे हे तेव्हा आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

पहिला गोंधळ ढोलाचा झाला. खोलीत एसी होता. दहा मिनिटांत ढोलाचं कातडं सैल पडलं आणि त्यातून ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा आवाज यायला लागला. तात्यांनी ढोल उचलून गच्चीवर उन्हात नेला, तापवला, खाली आणला. वीस मिनिटांत परत पोतं. मग एसी बंद झाला. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखाही बंद. मार्च महिना. बँडमास्तर सोनेरी बटणांच्या लाल कोटात बसलेले, टोपीखालून घामाची धार लागलेली.

"मास्तर, कोट काढा," मी म्हणालो.

"आत बनियन हाय."

"मग असू दे की."

"तात्यासमूर? मेलो तरी न्हाई."

दुसरा गोंधळ मामांनी केला. काचेपलीकडून दोस्ताने बोट वर केलं, लाल दिवा लागला. मामांनी डोळे मिटले, कमरेच्या पिशवीतून चिमूटभर भंडारा काढला, "नाथबाबाच्या नावानं चांगभलं!" अशी हाळी दिली आणि भंडारा उधळला. काचेचं दार उघडं होतं. एसी बंद असल्यामुळे मीच उघडलं होतं. पिवळी हळद माझ्या डोळ्यांदेखत तरंगत गेली आणि त्या महागड्या मिक्सरच्या बटणांवर बसली. दोस्त असा ओरडला, की खालचा टायरवाला जॅक घेऊन वर आला.

"आरं, देवाचं नाव घेतल्याबिगर सुरू कसं करायचं?" मामा खरोखर आश्चर्याने म्हणाले.

"मामा, मशीनमध्ये हळद गेली!"

"मग चांगलंच की. आता बिघडायचं न्हाई."

चाचा उठले. शिलाई मशीनचा मऊ ब्रश त्यांच्या खिशात कायम असतो. त्यांनी अर्धा तास एकेक बटण झाडून काढलं. मिक्सर चालू झाला. मामा म्हणाले, "बघा, सांगितलं व्हतं."

ती चांगभलंची हाळी अल्बमच्या अगदी सुरुवातीला आहे. माझ्या दोस्ताची किंकाळी त्याने काढून टाकली असं तो म्हणतो, पण कान देऊन ऐकलं तर अजून ऐकू येते.

खरी अडचण मात्र त्याच्यानंतर आली. मामांनी ओवी सुरू केली. देव मेंढरं घेऊन चाऱ्याच्या शोधात निघतो, ती मोठी ओवी. मामांचा आवाज म्हणजे माळावर उभं राहून पलीकडच्या टेकडीवरच्या माणसाशी बोलायचा आवाज. पहिली ओळ झाली आणि मामा थांबले. आम्हाला वाटलं श्वास घेतायत. ते थांबूनच राहिले. ढोल थांबला. सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"मामा, पुढे?"

"पुढं काय? झील कोन धरतंय?"

ओवी ऐकणाऱ्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. ओवी एकट्याने म्हणता येत नाही. म्होरक्या ओळ म्हणतो, मागचे दोन-तीन जण तिचं शेपूट उचलून परत म्हणतात. त्याला झील धरणं म्हणतात. तेवढ्या वेळात म्होरक्या दम घेतो, पुढची ओळ मनात आणतो. झील नसेल तर म्हणणारा विहिरीत बादली सोडून दोराची वाट बघणाऱ्यासारखा उभा राहतो. आणि माझ्या हुशारीमुळे त्या खोलीत चार म्होरके होते आणि झील धरणारा एकही नव्हता.

"तुमचे झीलकरी बोलावू या," मी म्हणालो.

"ती मेंढरं घिऊन कृष्णाकाठाला गेल्यात. पंदरा दिस येत न्हाईत."

दोस्ताने काचेपलीकडून डोकं चालवलं. "मामा, तुम्हीच ओळ म्हणा आणि नंतर झीलही तुम्हीच म्हणा. मी दोन्ही जोडतो. कुणाला कळणार नाही."

मामांनी त्याच्याकडे असं बघितलं, की तो काच पुसायला लागला. "सोता बोलायचं आनि सोताच व्हय व्हय म्हनायचं? याड लागलंय व्हय मला?"

मी तात्यांकडे बघितलं. तात्या म्हणाले, "ढोलानं कवा झील धरलीया का? लोक काय म्हनतील?" मी बँडमास्तरांकडे बघितलं. त्यांनी रुमालाने ट्रम्पेट पुसलं. "माझ्यामागं पंदरा मानसं वाजिवत्यात. मी कुनाच्या मागं वाजवू, सांगा." चाचांना विचारायची माझी हिंमत नव्हती. हा सगळा घाट त्यांच्यासाठी घातलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी, बोटं सैल असतात त्या तासाभरात, त्यांची चाल रेकॉर्ड करायची असं ठरलेलं होतं. त्यांनी त्यासाठी नव्या तारा चढवल्या होत्या.

पहिला दिवस असाच गेला. मामा एक ओळ म्हणायचे आणि थांबायचे. बाकीचे तिघे भिंतींवरचे अंड्यांचे ट्रे मोजायचे. संध्याकाळी सगळे माझ्या घरी जेवायला आले आणि माझ्या बायकोने विचारलं, "काय काय वाजवलं?" तेव्हा चौघांनाही एकदम खोकला आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याच घरच्या भगुल्यात चाचांनी बोटं शेकली. स्टुडिओत गेल्यावर मी दोस्ताला खूण केली, आधी चाचांची चाल घे. चाचा खुर्चीवर बसले, वायर जोडली, डाव्या हाताची बोटं एकदा बटणांवरून फिरवली. मग मान वळवून मामांना म्हणाले, "मामा, हाना तुमची ओवी. मी धरतो झील."

मी पुढे झालो. "चाचा, आधी तुमचं घेऊ. तास फार लवकर संपतो. ओवी मोठी आहे."

"मला म्हाईत हाय ती मोठी हाय."

"मग बोटं..."

"ग्रॅज्वेट," ते म्हणाले, "गावात मोहरमला ताबूत उचलताना बघितलंयस न्हवं? तवा कोन इचारतो का, पुढचा दांडा कुनाचा आन मागचा कुनाचा? बस खाली."

मी बसलो. मामांनी ओळ म्हटली आणि तिचं शेपूट खाली पडायच्या आत चाचांच्या बेंजोने ते उचललं. मामांची मान हलली. दुसरी ओळ आली ती पहिलीपेक्षा मोकळी. चौथ्या-पाचव्या ओळीला तात्यांचा ढोल आत शिरला आणि थोड्या वेळाने बँडमास्तरांनी कोटाची बटणं सोडली. खरोखर सोडली, तात्यांच्या समोर. मग ट्रम्पेट आलं. तीस वर्षं समोरासमोर वाजवून त्यांना एकमेकांचा पुढचा डाव इतका पाठ झालेला होता, की आता ते एकमेकांची वाट बघून वाजवत होते. काचेपलीकडे माझा दोस्त हाताची घडी घालून उभा होता, बटणांना हात न लावता.

ओवी संपायला तासाच्या वर लागला. चांगभलं झालं. सगळे हसत होते. तात्यांनी मास्तरांच्या पाठीत अशी थाप घातली, की टोपी पडली. मी चाचांजवळ गेलो. त्यांनी डावा हात बटणांवरून उचलायचा प्रयत्न केला आणि मग उजव्या हाताने धरून उचलला. बोटं निम्म्यात थांबलेली.

"चाल?" मी विचारलं.

"आज न्हाई व्हायची."

दुसऱ्या दिवसापासून स्टुडिओ दुसऱ्याला दिलेला होता. मग मामांची जनावरं, मास्तरांची लगीनसराई, ऊसतोड, पाऊस. सहा महिन्यांत चाचांचा सकाळचा तासही गेला. गरम पाणीही लागू पडेना.

अल्बम निघाला तो तसाच. कव्हरवर चौघांचे फोटो, आत मी लिहिलेल्या आठ ओळी. मोबाईलवर फिरला, पेन ड्राइव्हमधून ट्रॅक्टरवर वाजला. म्हसवडच्या यात्रेत रथ निघाला तेव्हा पाळण्यांच्या भोंग्यावर आणि भज्यांच्या गाड्यांवर मामांची ओवी चालू होती. लोक मला, म्हणजे ग्रंथालयातल्या माणसाला, थांबवून विचारायचे, "दुसरा भाग कवा?"

दुसऱ्या भागासाठी बैठक झाली. चाचांच्या दुकानातच. चहा आला, आणि कोण काय वाजवणार ते ठरायच्या आत मामा म्हणाले, "या बारीला झील तात्या धरंल."

"मी? का, मास्तर हायती की."

"मी एकदा कोटाची बटनं सोडली तेवढं लय झालं."

"मग तुमीच धरा, मी ओवी म्हनतो," तात्या मामांना म्हणाले.

"तू? तुजा आवाज ऐकून मेंढरं कर्नाटकात जातील."

चहा संपला तसा दुसरा अल्बमही संपला. भांडण झालं नाही, हसतच गेले, पण गेले ते आपापल्या ताफ्यांकडे. पुढच्या यात्रेत परत समोरासमोर उभे राहिले. त्या बैठकीत चाचांना कुणी झील धरा म्हटलं नाही. ते मशीनमागे बसले होते, डावा हात कापडाच्या ताग्याखाली ठेवून.

मला मात्र त्या अल्बमचा आनंद घेता येईना. ज्याच्यासाठी सगळं केलं त्याचंच राहिलं. मामांची ओवी आधीही चार मोबाईलमध्ये होती, तात्यांचे ढोल दर यात्रेत कुणी ना कुणी टिपतंच. जपायची होती ती एक चाल, आणि मी चार म्होरके गोळा करायच्या नादात एक झीलकरी आणायला विसरलो. चाचांना मी हे बोलून दाखवलं, तर ते म्हणाले, "ऐकलंस का, चौथ्या वळीला मामाचा दम कसला लांबलाय? माझ्या झीलमुळं."

गेल्या महिन्यात स्टुडिओवाल्या दोस्ताचा फोन आला. तो कॉम्प्युटर साफ करत होता. "तुझ्या चौघांचं सगळं सुटं रेकॉर्डिंग पडलंय. जागा खातंय. काढून टाकू?"

"सुटं म्हणजे?"

"प्रत्येकाचं वेगळं. आधी वेगवेगळं घेतो, मग एकत्र करतो. तुला एवढी वर्षं सांगतोय."

मी कॉलेज सुटल्यावर तसाच गेलो. त्याने पडद्यावर चार पट्ट्या दाखवल्या आणि तीन बंद केल्या. उरली बेंजोची. थेट वायरची, त्यामुळे ना ढोल, ना मामा. आधी शांतता. मग झीलचा एक तुकडा. परत शांतता. परत तुकडा. एकट्याची झील ऐकणं चमत्कारिक असतं. कुणीतरी फोनवर बोलतंय आणि आपल्याला इकडचीच बाजू ऐकू येतेय, तसं. मी डोळे मिटून ऐकत होतो. दहाव्या-बाराव्या तुकड्याला मी उठून उभा राहिलो आणि दोस्ताला म्हणालो, पहिल्यापासून लाव.

त्या रात्री घरी जाऊन मी पत्र लिहिलं. फोन करता आला असता, पण चाचांचं फोनबद्दलचं मत मला माहीत आहे. ते पत्र असं:

चाचा,

बऱ्याच वर्षांनी पत्र लिहितोय. शिकतोय का नुसता हिंडतोय ते बघून सांगा.

सोबतच्या खोक्यात पेन ड्राइव्ह आहे. तुमच्या पोराला दुकानातल्या स्पीकरला लावायला सांगा. त्यात आपल्या ओवीतला फक्त तुमचा बेंजो आहे, बाकी तिघे काढलेत. त्यांना सांगू नका.

मामांच्या ओळीचं शेपूट तुम्ही उचलता आणि ते संपल्यावर मामा पुढची ओळ सुरू करेपर्यंत थोडीशी जागा उरते. त्या जागेत तुम्ही दर वेळी थोडंसं काहीतरी जास्त वाजवलंय. ढोलात आणि ट्रम्पेटमध्ये ते आजवर आम्हाला कुणालाच ऐकू आलं नाही. आज आलं. ती तुमची चाल आहे, चाचा. पहिल्या सात-आठ झीलांत ती पायऱ्या चढते. मधल्या झीलांत घुटमळते ते सगळं आहे. मी दोस्ताला ते तुकडे शेजारी शेजारी लावायला सांगितले. पेन ड्राइव्हमध्ये दुसरं गाणं आहे ते हेच.

एवढे दिवस मला वाटत होतं, की तुम्ही तो सकाळचा तास मामांना देऊन टाकलात. तुम्ही मुद्दाम वाजवलंत का बोटं आपोआप तिकडे गेली, ते मला माहीत नाही. मुद्दाम असेल तर मला सांगायचं तरी. मी उगाच तोंड पाडून फिरलो.

चाल पुरी नाही. शेवटचा मोड त्यात नाही. आता पडली असं वाटतं, तिथेच थांबते. ओवी संपली म्हणून की बोटं थांबली म्हणून, कोण जाणे.

तर माझं म्हणणं असं आहे. मी या रविवारी येतो. दोस्त मशीन घेऊन येणार आहे. दुकान बंद करायच्या आधी तुम्ही तो मोड तोंडाने म्हणायचा. तुम्ही शिवताना गुणगुणता ते मी लहानपणापासून ऐकतोय, आवाज नाही असं सांगू नका. बोटांची गरज नाही. एकदा म्हणून सापडला नाही तर परत म्हणा, मधे दम घ्या. तुम्ही दम घ्याल तेवढ्या वेळात मी झील धरतो. मला आवाज नाही हे मला माहीत आहे, पण चाल पाठ आहे आणि डिग्रीही आहे.

भिंतीवरची माझी गुणपत्रिका पिवळी पडलीय, गेल्या खेपेला बघितली. ती काढू नका. त्या कागदामुळे माझी पोरगी आज पुस्तकांच्या घरात वाढतेय आणि तो कागद तुमच्यामुळे आहे. हे तुमच्यासमोर कधी बोलता आलं नाही, म्हणून लिहिलं.

दहावीनंतर विचारलं होतं, बारावीनंतर विचारलं होतं, बी.ए. झाल्यावर विचारलं होतं. आता चौथ्यांदा विचारतो. घ्या की पार्टीत.

तुमचा
ग्रॅज्वेट